त्या घरात औरस एकच

पत्र :

प्रिय मावशी, प्रभूमध्ये सलाम.

मी नागपूरची, वय ३६, शाळेत शिकवते. लग्न केलं नाही, आईजवळ राहते. पप्पा डिसेंबरात गेले. त्यांच्या स्मरण-उपासनेनंतर घरी सगळे चहा घेऊन राहिले होते, तेव्हा माझा चुलतभाऊ म्हणाला, "काकांना मूलबाळ नव्हतं, तर घराचं काय ते आता बसून ठरवावं लागेल." मला वाटलं चुकून बोलला. पण आई उठून आत गेली. रात्री आलमारीतली पप्पांची पेटी उघडली तर कोर्टाचा १९९० सालचा कागद निघाला. त्यात पप्पा 'पालक' आणि मी 'पाल्य'. 'मुलगी' असं कुठेच लिहिलेलं नाही. आईला विचारलं तर म्हणते, "काहून जुनं उकरून राहिली?"

तेव्हापासून उपासनेत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू झालं की माझे ओठ हलतात, आवाज निघत नाही. पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, तू तर दोनदा दत्तक, दुप्पट धन्य!" मला रागच आला. देवाचं दत्तक घेणंही असंच असेल का मावशी, तोंडानं लेकरू आणि कागदावर पाल्य? सोळाव्या वर्षापासून मी संडे स्कूल घेते, गायनात आहे, प्रभुभोजनाचे पेले धुवायची पाळी कधी चुकवली नाही. आता वाटतं, एवढी वर्षं मी भाडंच भरत होते. उपकार झाले तर फेडावे लागणारच ना? घरासाठी भांडू की सोडून देऊ?

ता. क. कबरीच्या दगडावर 'मुलगी' म्हणून माझं नाव घालायला चुलतभाऊ नको म्हणतो.

(नाव छापू नये.)

उत्तर :

बेटा, सलाम.

पाळकसाहेबांचा राग आला ते बरोबरच झालं. ते बोलले त्यात खोटं काही नाही, पण फार घाईनं बोलले. बाप नुकताच मातीआड झालेला, आणि त्यातच ही पेटी उघडलेली. अशा वेळी लेकीसमोर खुर्ची ओढून थोडं बसायचं असतं, वचन नंतर. आणि 'दोनदा दत्तक' म्हणताना त्यांनी नकळत तुला चर्चच्या मंडळीतून वेगळं काढलं. जणू बाकीचे लोक त्या घरात जन्मानं आलेत आणि तुझाच मामला काही खास आहे.

तुझा मामला खास नाही. बायबलमध्ये रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढ, गलतीकरांसचा चौथा काढ, इफिसकरांसचा पहिला काढ. माणूस देवाच्या घरात येतो कसा, हे सांगताना ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल तिन्ही ठिकाणी दत्तकाबद्दलच बोलतो, आणि तिन्ही ठिकाणी स्वतःला त्यात धरून बोलतो. हा माणूस बन्यामीन वंशाचा, आठव्या दिवशी सुंता झालेला, परूशी, म्हणजे धर्मशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी. खानदान काढायचंच म्हटलं तर त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. तोही दत्तकाच्याच दारानं आत आलो म्हणतो. ख्रिस्ती विश्वासाप्रमाणे त्या घरात औरस एकच, येशू. बाकी झाडून सगळे दत्तक. तुझे पाळक दत्तक, बिशप दत्तक, १८४५ साली स्कॉटलंडहून नागपुरात आलेले मिशनरी हिस्लॉपसाहेबही दत्तकच. आणि तुझा चुलतभाऊसुद्धा. त्याचे पणजोबा कोणत्या साली बाप्तिस्मा घेऊन आले हे तो अभिमानानं सांगत असेल, आपल्याकडे 'पिढीजात ख्रिस्ती' म्हणवून घ्यायची हौस आहेच. पण योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय साफ सांगतो की देवाची मुलं रक्तापासून किंवा माणसाच्या इच्छेपासून जन्मत नाहीत. त्या घराच्या दारात उभं राहून दुसऱ्याचे कागद तपासायचा अधिकार तुझ्या भावाला कोणी दिलेला नाही.

आता तुझा पहिला प्रश्न : तोंडानं लेकरू आणि कागदावर पाल्य, असं तर नाही ना?

पौल हे लिहीत होता तो काळ जरा डोळ्यासमोर आण. रोमी लोकांत दत्तक म्हणजे एखाद्या अनाथाला दयेनं ताटात वाढणं नव्हे. तिथे बहुधा मोठे झालेले पुरुष दत्तक जात, घराण्याचं नाव आणि मालमत्ता पुढे चालावी म्हणून. दत्तक गेलेल्याचा जुन्या घराशी कायद्यानं संबंध संपायचा आणि नव्या घरात त्याला पोटच्या मुलाइतकाच वारसा मिळायचा. ऑगस्टस हा यूलियस कैसराचा मृत्युपत्रानं दत्तक, तिबिर्य हा ऑगस्टसचा दत्तक. क्लौद्य कैसराला स्वतःचा मुलगा होता, तरी त्यानं इसवी सन ५० मध्ये बायकोच्या आधीच्या लग्नाच्या मुलाला दत्तक घेतलं आणि चार वर्षांनी गादीवर तोच बसला. त्याचं नाव नीरो. (पुढे तो काय निघाला ते सोड.) रोमच्या मंडळीला पौलाचं पत्र गेलं ते साधारण ५७ साली, म्हणजे राज्य नीरोचंच. राजवाड्यात दत्तक मुलगा सम्राट म्हणून बसलेला, आणि गल्लीतल्या एखाद्या घरात गुलाम, सुटलेले गुलाम, बायाबापड्या बसून ऐकताहेत की तुम्हांला देवानं दत्तक घेतलंय, तुम्ही वारस आहात, ख्रिस्ताबरोबर सोबतीचे वारस. त्यांना ही गोष्ट दुय्यम वाटली असेल का? आणि ज्या बायांच्या नावावर क्वचितच काही व्हायचं, त्यांनाही त्यात पूर्ण वाटा होता. गलतीकरांस पत्रात दत्तकाच्या काही ओळी आधीच पौल सांगून ठेवतो की ख्रिस्तात पुरुष-स्त्री हा भेद नाही.

म्हणून तुझ्या पेटीतला कागद देवाच्या कागदाला लावू नकोस. त्या कागदाबद्दल पुढे बोलतेच, कारण तो तू नीट वाचलेला नाहीस.

आवाज निघत नाही म्हणतेस. नको काढू. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पंधराव्या वचनात पौल म्हणतो, दत्तकपणाचा आत्मा आपल्याला मिळालाय, त्याच्यामुळे आपण 'अब्बा, बापा' अशी हाक मारतो. बहुतेक उपदेश तिथे थांबतात. तू तेविसाव्या वचनापर्यंत जा. तिथे तोच पौल म्हणतो की आपण आतल्या आत कण्हत दत्तकपणाची वाट पाहतोय. मिळालंय म्हणतो आणि वाटही पाहतो, आठ वचनांच्या अंतरात. त्याला हे जुळवून घ्यायची घाई झालेली दिसत नाही. तुझंही आत्ता तेच चाललंय. घर तुझं आहे आणि मन अजून उंबऱ्यावर आहे. मंडळी तुझ्या बाजूला उभी राहून तीच प्रार्थना म्हणतेय, काही रविवार तिच्या आवाजावर चालू दे. सुरुवातच 'आमच्या' अशी आहे, 'माझ्या' नाही.

खरी मेख पुढे आहे. भाडं.

हे तू पेटी उघडल्यावर लिहिलंस, पण मला वाटतं भाडं भरायला तू आधीच सुरुवात केली होतीस. लेकरांना सगळं समजत असतं. कोणी काही न सांगताही घरात एक झाकलेली गोष्ट आहे हे समजतं, मग ते लेकरू जरा जास्तच शहाण्यासारखं वागायला लागतं. पेले धुण्याची पाळी कधीच चुकवली नाही, हे तू अभिमानानं लिहिलंस की भीतीनं? ताप आला तेव्हा? मे महिन्यात दुपारी, डांबर पायाला चिकटतं तेव्हासुद्धा? पोटचं लेकरू एखाद वेळी तरी चुकवतं गं. आईच्या अंगावर ओरडतं, 'मी नाही जात' म्हणतं. तू कधी म्हणालीस?

दुसऱ्या शमुवेलाचा नववा अध्याय वाच, छोटाच आहे. शौल राजाचं घराणं बुडालं, दावीद राजा झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे जुन्या राजाच्या वंशातला कोणी उरला असेल तर त्याचा काटा काढायचा. दावीद शोध घेतो, कोणी उरलंय का म्हणून, पण जिवलग मित्र योनाथान याच्याखातर दया करायला. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ सापडतो. पाच वर्षांचा असताना पळापळीत दाईच्या हातून पडला, तेव्हापासून दोन्ही पायांनी अधू. तो येतो आणि जमिनीवर पालथा पडतो. स्वतःला मेलेला कुत्रा म्हणतो. दावीद त्यावर वाद घालत नाही. आजोबांची सगळी जमीन परत देतो आणि सांगतो, तू माझ्या पंक्तीला नेहमी जेवशील. मग तो राजपुत्रांसारखा राजाच्या पंक्तीला जेवू लागतो. शास्त्रात त्याच्याकडून एकाही कामाची मागणी नाही. आणि अध्यायाचं शेवटचं वाक्य काय आहे माहीत आहे? तो दोन्ही पायांनी लंगडा होता. पाय बरे झाल्यावर जागा मिळाली असं नाही, जागा मिळाल्यामुळे पाय बरे झाले असंही नाही. तो रोज तसाच यायचा आणि जेवायला बसायचा. दावीद ते सगळं योनाथानाखातर करत होता. आपणही 'ख्रिस्ताखातर' म्हणतो ते ह्याच अर्थानं, पण दर रविवारी म्हणून म्हणून त्या शब्दाची धार गेली आहे.

कृपा ती हीच. आपण बोलताना कृपा आणि उपकार एकत्र करतो आणि मग सगळा घोळ होतो. उपकाराची आठवण करून देता येते; तुझ्या नातलगांनी ती आडून आडून दिली असेल, पुढेही देतील. "कोणाची कोण, पण काकांनी शिकवलं हो." कृपेचं तसं खातंच नसतं. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो, तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, म्हणजे कोणी फुशारकी मारू नये. फुशारकीला जागा नाही तसं भाड्यालाही नाही. चांगली कामं लगेच पुढच्या वचनात येतात, पण ती पुढच्याच वचनात येतात, आधी नाही. हा क्रम उलटा झाला की संडे स्कूल घेणारी बाई लूकच्या पंधराव्या अध्यायात, उधळ्या मुलाच्या गोष्टीतल्या थोरल्या भावासारखी होते. आठव त्याचं वाक्य : इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय. बापाच्याच घरात राहून तो चाकर झाला होता, धाकटा तर लांब जाऊन झाला होता. बाप त्याला चाकरीचा हिशोब देत नाही, 'बाळा' म्हणतो आणि सांगतो, माझं जे आहे ते तुझंच आहे.

तेव्हा एक काम कर. दोन महिने संडे स्कूल, गायन, पेले, सगळं सोड. पाळकसाहेबांना सांग, सुट्टी हवी. कारण देऊ नकोस, तू कोणाची नोकर नाहीस. उपासनेला जा, मागच्या बाकावर बस, प्रभुभोजन घे, पेला दुसऱ्या कोणाला धुऊ दे. फार अस्वस्थ वाटेल. कोणीतरी विचारेल, "काय झालं जी, दिसून नाही राहिल्या?" त्या अस्वस्थतेत तुला समजेल यातलं किती प्रेमानं होतं आणि किती धास्तीनं. दोन महिन्यांनी संडे स्कूलच्या पोरांची आठवण येईल तर ये परत. नाही आली तर तेही चालेल.

आणि आईबापांचे पांग फेडण्याबद्दल. पोटची लेकरंही पांग फेडतातच, आपल्याकडे त्यात जन्माचा संबंध नाही. आईचं बीपी, शुगर, तिचा चष्मा, रात्रीची तिची भाकरी, हे तू करत राहशीलच. फक्त 'आणलं म्हणून' करू नकोस, आई आहे म्हणून कर.

तिला तू पेटीबद्दल विचारलंस, म्हणून ती आवळली. तिला वाटलं तू जाब विचारतेस. नवरा गेलाय, आणि छत्तीस वर्षं जपलेली गोष्ट पुतण्यानं चहाच्या कपाबरोबर सगळ्यांपुढे ठेवली. त्या माऊलीलाही सावरू दे. परत विचारायचं तर निराळं विचार : मला घरी आणलं त्या दिवशी काय काय झालं? कोणी घेतलं होतं आधी? दूध पचलं का? पहिल्या रात्री मी रडले का? हे तिला सांगावंसं वाटेल, कारण हे सगळं एकटीनं आठवत बसायची तिला सवय झालेली असणार. जन्मदात्यांचा शोध घ्यावासा वाटला तर त्यात पाप काही नाही, पण ते आईशी बोलणं झाल्यावर. आत्ता नको.

आता घर.

नागपुरात दत्तकाचा वाद नवा नाही. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले, मागे पुत्र नव्हता. भोसल्यांच्या घरचं दत्तक डलहौसीनं मानलं नाही, १८५४ साली राज्य खालसा झालं आणि हत्ती-घोडे, जडजवाहीर लिलावात निघाले. डलहौसीला भोसल्यांच्या वंशाची काळजी होती असं कोणी म्हणणार नाही. 'दत्तक आम्ही मानत नाही' असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा आधी बघायचं, नजर कशावर आहे.

तुझ्या भावाची कशावर आहे ते सांगते. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्यात मृत्युपत्र नसेल आणि मागे बायको व मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश, बाकी सगळं मुलांना; पुतण्याला शून्य. पण बायको आहे आणि मूलबाळ नाही, तर निम्मं बायकोला आणि निम्मं नवऱ्याकडच्या नातलगांना. म्हणजे 'काकांना मूलबाळ नव्हतं' हे चहा पिताना बोललेलं वाक्य अर्ध्या घराच्या किमतीचं आहे.

आणि तुझा तो कागद. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी होता. ख्रिस्ती जोडप्याला तेव्हा कायद्यानं दत्तक घेण्याची सोयच नव्हती. १८९० च्या कायद्याखाली कोर्टाकडून 'पालक' व्हायचं, तेही मूल सज्ञान होईपर्यंत, एवढाच रस्ता. सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी दत्तकाचं दार बालन्याय कायद्यानं उघडलं ते २००० नंतर, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं. तोवर तू शिकून नोकरीला लागली असशील. पप्पांनी 'मुलगी' लिहिलं नाही, कारण लिहायला रकानाच नव्हता. कायद्यानं जेवढा दरवाजा उघडा ठेवला होता त्यातून ते तुला घेऊन आले. तो कागद तू परत वाच, या नजरेनं वाच.

मी वकील नाही, पण करायच्या गोष्टी सांगते. पेटी पुन्हा पाहा, मृत्युपत्र आहे का शोध. बँकेच्या लॉकरमध्ये, जुन्या बायबलच्या पानांतही बघ. पप्पांनी तुझ्या आणि आईच्या नावे लिहून ठेवलं असेल तर विषय संपला. नसेल तर घर नेमकं कोणाच्या नावावर आहे ते काढ. शाळेचे दाखले, रेशनकार्ड, बाप्तिस्म्याची मंडळीतली नोंद, जिथे जिथे वडील म्हणून पप्पांचं नाव आहे ते सगळं एकत्र कर आणि वारसाहक्काची कामं करणाऱ्या वकिलाला दाखव. ख्रिस्ती जोडप्यांनी घेतलेलं मूल उच्च न्यायालयांनी मानल्याचे निकाल आहेत, ते त्याला माहीत असतील. आणि आईचं मृत्युपत्र आत्ताच करून घ्या, ती धडधाकट आहे तोवर. तिच्या वाट्याचं तिनं कोणाला द्यावं हे तीच ठरवेल. दोन साक्षीदार लागतात, त्यात तू सही करू नकोस. ज्याला लाभ मिळायचा त्यानंच साक्ष घातली तर ते दान बाद होतं.

मंडळीतलं कोणी पहिलं करिंथ, सहावा अध्याय काढून म्हणेल की विश्वासणाऱ्यानं भावाला कोर्टात ओढू नये. बरोबर आहे, म्हणून आधी चर्चच्या वडीलमंडळींसमोर बसा. पण तिथे भाऊ ऐकत नसेल तर हक्क सोडणं हीच ख्रिस्ती नम्रता असं कोणी तुझ्या गळ्यात बांधू नये. पौलानं स्वतःचं रोमी नागरिकत्व पुढे केलं आणि कैसराकडे दाद मागितली. तुला घर सोडायचंच असेल तर खुशाल सोड, पण माझं नव्हतंच म्हणून सोडू नकोस. आणि आईच्या डोक्यावरचं छप्पर सोडायचा अधिकार तुलाही नाही.

दगडाचं सोपं आहे. दगड कोण करून घेतंय? आई आणि तू. मग मजकूरही तुम्हीच ठरवा. पप्पांचं नाव, तारखा, त्यांचं आवडतं वचन, खाली आईचं नाव 'पत्नी' म्हणून आणि तुझं 'मुलगी' म्हणून. भावाला विचारायचं असेल तर वचन कोणतं घालावं ते विचार, तेवढाच मान. मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कारागिराला दे आणि कोरण्याआधी एकदा स्वतः जाऊन वाचून ये. हे लोक वेलांट्या फार चुकवतात.

तुझी,
मावशी